मास्तर, नागीन होऊ द्या!

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ८४ फोटो आहेत. त्यांतल्या ७१ फोटोंत मी आहे आणि ७१च्या ७१ फोटोंत माझे डोळे मिटलेले आहेत. फोटोग्राफर सासरकडच्या नात्यातला असल्यामुळे या विषयावर आमच्या घरात आजतागायत चर्चा झालेली नाही. असो. परवा सुट्टीत आलेली नात हा अल्बम चाळत बसली होती. ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून ‘हे कोण?’ विचारायची आणि मी सांगायचो. हे भुसावळचे काका, रेल्वेत होते. हे पारोळ्याचे मामा, मानपानावरून रुसून परत निघाले होते आणि एसटी चुकली म्हणून जेवायला थांबले. मला सगळी नावं येत होती, अगदी घोड्याचंसुद्धा. मग तिनं एका फोटोच्या कडेला बोट ठेवलं. तिथं अर्धा माणूस होता. एक फुगलेला गाल, लाल कोटाची एक बाही आणि अर्धं क्लॅरिनेट.

“हे कोण?”

“ते बँडमास्तर.”

“त्यांचं नाव काय?”

मी चष्मा काढून पुसला. नाव आठवत नसलं की चष्मा फार उपयोगी पडतो. पण चष्मा तरी किती वेळ पुसणार? ज्या माणसानं भर मे महिन्यात अडीच तास फुंकून मला बोहल्यापर्यंत पोचवलं, त्याचं नाव मला माहीत नव्हतं. आठवत नव्हतं असं नाही. कधी विचारलंच नव्हतं.

हे लग्न १९७८ सालचं. आम्ही जळगावचे, मुलगी धुळ्याची. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर चालत दहा मिनिटांचं. ते कापायला आम्हांला अडीच तास लागले, कारण आमच्याकडे बँडपुढे कोणी चालत नाही, नाचतात. मुहूर्त गोरजाचा होता. तो कधीच उलटून गेला आणि भटजींनी त्याच्या जागी दुसरा शोधून काढला. खानदेशातल्या भटजींना ही विद्या येतेच. बँडपुढे पंचांगाचं काही चालत नाही, हे ते पहिल्या दोन-चार लग्नांतच शिकतात.

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे प्रकरण नीट कळायचं नाही. इतरत्र लग्नाची पत्रिका आली की मुलगी काय शिकली, मुलगा काय करतो, असं विचारतात. आमच्याकडे पहिला प्रश्न : “बँड कुणाचा?” उत्तर मनासारखं आलं तर माणूस रजा टाकतो, नाहीतर मनीऑर्डरीनं आहेर पाठवतो. नावाजलेला बँड मिळावा म्हणून लग्नाची तारीख मागेपुढे केलेली घरं मला ठाऊक आहेत. आमच्या लग्नात बँड धुळ्याचा होता, तेव्हा जळगावकर मंडळी पहिली पंधरा मिनिटं हाताची घडी घालून उभी होती. “आमच्याकडचा असता तर पाहायचं होतं,” असं मामा म्हणालेसुद्धा. सोळाव्या मिनिटाला मास्तरांनी काहीतरी असं वाजवलं की मामांची टोपी एकीकडे आणि मामा एकीकडे झाले.

या बँडचे रसिक काही एका जातीचे नसतात. एक असतो तो बँडकडे तोंड करून उलटा चालणारा. त्याच्या हातात दहाची नोट असते. ती तो नवरदेवावरून ओवाळतो आणि ओरडतो, “मास्तर, नागीन होऊ द्या!” मास्तर ताल न सोडता ती नोट दोन बोटांत धरतात. ही करामत कुठल्याच संगीत विद्यालयात शिकवत नाहीत. दुसरा तो रुमालवाला. तो जमिनीवर लोळल्याशिवाय उठत नाही आणि उठल्यावर शर्टाचा रंग कुणाला ओळखू येत नाही. पण खरा दर्दी ओट्यावर बसलेला असतो. सत्तरीचे आबा. नाचत नाहीत, बोलत नाहीत. काठीवरचं एक बोट तेवढं हलत असतं. मास्तरांनी एखादी जागा चुकवली की ते बोट थांबतं. मास्तर कितीही गर्दीत असले तरी त्यांची एक नजर त्या बोटावर असते.

आता या बँडचा इतिहास. पूर्वी लग्नात सनई, संबळ, डफ. १८१८ साली पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला. इंग्रजांच्या फौजा आल्या की त्यांच्या मागोमाग बिगुल, ड्रम, क्लॅरिनेट यायचे. हे क्लॅरिनेट मूळचं जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं; अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डेनर नावाच्या कारागिरानं केलेलं. पलटणींचे आणि संस्थानिकांचे बँड पाहून पैसेवाल्यांना वाटलं, आपल्याही लग्नात असा थाट हवा. मीरतला १८८५ सालापासून नादिर अलींची पेढी या वाद्यांच्या धंद्यात आहे आणि मीरतची पितळी वाद्यं देशभर गेली. सनई फुंकणाऱ्यांच्या घरातल्या पोरांनी क्लॅरिनेट उचललं. हातातलं वाद्य बदललं, छातीतला दम तोच राहिला. अंगात साहेबाच्या पलटणीचा कोट, खाली पायजमा आणि पायांत चपला. साहेबाचं राज्य १९४७ साली गेलं, कोट मात्र आम्ही ठेवून घेतला.

या मंडळींपुढे स्वरलिपीचा कागद मी कधी पाहिला नाही. सगळं कानावर. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला ऐकायची आणि लग्नात वाजवायचं. १९६६च्या ‘सूरज’मधलं रफीचं ते फुलांची बरसात मागणारं गाणं तर नवरदेव दारात आल्यावर वाजलंच पाहिजे, असा जणू कायदाच झाला. ते वाजलं नाही तर सासूबाई औक्षणाचं ताट खाली ठेवतील.

आणि नागीन! १९५४ साली ‘नागीन’ चित्रपट आला, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगी ही पुंगी नव्हेच. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलाइन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती, जोडीला रवींची हार्मोनियम. म्हणजे गारुड्याच्या पुंगीची नक्कल विजेच्या वाद्यानं केली, त्या वाद्याची नक्कल आमच्या मास्तरांच्या क्लॅरिनेटनं केली आणि त्या क्लॅरिनेटपुढे नागाची नक्कल आमच्या पारोळ्याच्या मामांनी केली. इतक्या नकलांनंतरही मामा अस्सल नागासारखे डोलत होते. याला मी कला म्हणतो. मामी याला दुसरं काही म्हणतात.

पुढे बँडात बेंजो आला. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचं कूळ. १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, त्याचा हा आपल्याकडचा अवतार. धुळे-नंदुरबारकडच्या बँडांत त्यावर पावरीची धूनही वाजते. पावरी ही डोंगरातल्या आदिवासींची. दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि बैलाचं शिंग यांची केलेली. जपानी बटणांवर सातपुड्याची धून ऐकून जळगावचा कारकून नाचतो, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मला तर यात देशाच्या एकात्मतेवरची दहा भाषणं दिसतात, आणि ही ऐकताना झोप येत नाही.

बेंजो म्हटला की मला माझा अमेरिकेतला भाचा आठवतो. मी त्याच्याकडे गेलो असताना तो मला एका मैदानावरच्या जलशाला घेऊन गेला. तिथल्या वाद्याचं नावही बँजो. मात्र ते आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी घडवलेलं, आपल्या बेंजोचा केवळ नामबंधू. संगीताचं नाव ‘ब्लूग्रास’. हे केंटकीच्या बिल मन्रो यांनी रूढ केलं. १९३९ साली ते नॅशव्हिलच्या रेडिओवरच्या प्रसिद्ध कार्यक्रमात दाखल झाले आणि पुढे सगळीकडे गेले. लोक घरून घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. माझ्या शेजारचे म्हातारेबुवा थेट आमच्या ओट्यावरच्या आबांसारखे. बोट तेवढं हलत होतं. पण मध्यंतरात त्यांनी मला वाजवणाऱ्या पाचही जणांची नावं सांगितली, गावं सांगितली, कोण कुणापाशी शिकला तेही सांगितलं. १९४५ साली अर्ल स्क्रग्ज मन्रोंच्या ताफ्यात आले आणि तीन बोटांनी बँजो वाजवून त्यांनी सगळं कसं बदलून टाकलं, हे तर ते घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होते. मग त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडे असे कोण आहेत?” मी चष्मा पुसला.

तेव्हा काही खुपलं नाही. परवा नातीनं विचारलं तेव्हा खुपलं.

कारण नावं जपण्यात आम्ही मागे आहोत असं मुळीच नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी धुळ्यातच १९२६च्या ३१ डिसेंबरला देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं १९२७ पासून उभं आहे आणि कुठल्या देशमुखानं कुठल्या पाटलाला काय लिहिलं, ते कागद तिथं जपलेले आहेत. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. त्यांना मिळालेल्या वन्समोअरच्या कथा आम्ही पाठ म्हणतो. आणि ज्या बँडपुढे आमच्या तीन पिढ्या नाचल्या, त्याचा कागद कुठाय? लग्नाच्या बँडांवरचं जाडजूड पुस्तक लिहिलं ते ग्रेगरी बूथ यांनी, ‘ब्रास बाजा’, २००५ साली. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले प्राध्यापक. ते इतक्या लांबून येऊन बँडवाल्यांशी बोलत बसले. मी तर बँडपासून दोन हातांवर घोड्यावर बसलो होतो.

न विचारण्याचं कारण मला ठाऊक आहे. फक्त ते विनोदी लेखात बसत नाही. वाद्यं वाजवणारे बहुतेक मातंग, होलार अशा समाजांतले किंवा गरीब मुसलमान. त्यांच्या वाद्याशिवाय मंगलकार्याचा आरंभ होत नसे आणि पंगत बसली की त्यांची जागा मांडवाबाहेर, तीही शेवटी. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आमच्यापर्यंत आली तेव्हा वाफाळत होती. मास्तरांपर्यंत पोचली तेव्हा कशी होती, हे मी पाहिलं नाही. मी नवरदेव होतो, मला कोण दोष देणार? पण नंतर दुसऱ्यांच्या लग्नांत तर मी नवरदेव नव्हतो.

बँड आता पुष्कळ बदलला. गाडीवर भिंतीएवढे स्पीकर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गाणारी पोरं, अहिराणी गाणी. २०००च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो आणि मुहूर्त पाळण्याचं जे काम भटजींना जमलं नव्हतं, ते पोलिसांना जमू लागलं. मग २०२० साली टाळेबंदी आली, ऐन लग्नसराईत. २०२१च्या एप्रिलात तर नियम झाला, लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास. पंचवीसात बँड कुठं बसणार? त्या वैशाखात आमच्या गल्लीतून एक नवरदेव स्कूटरवरून गेला, मुंडावळ्या आणि मास्क लावून. आवाज फक्त स्कूटरचा. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. गल्लीतून अंत्ययात्रा गेल्यावरही इतकी शांतता मी पाहिली नव्हती. आपण काय ऐकत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गेल्या महिन्यात धुळ्याला मेव्हण्यांच्या नातवाचं लग्न होतं. जुन्या धर्तीचा बँड, चौदा माणसं, पुढे क्लॅरिनेट. मी गुडघ्यांना विचारून पाहिलं. त्यांनी नकार दिला, म्हणून बाजूला उभा राहिलो. नागीन झाली. संपल्यावर पोरं पुढच्या गाण्यासाठी ओरडू लागली. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. मास्तरांनी आधी मागं वळून पाहिलं, कोण पाहुणा आला म्हणून. मागं कोणीच नव्हतं. तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले.

मी जवळ गेलो. “तुमनं नाव काय शे, मास्तर?”

“मन्हं?” ते म्हणाले. जणू क्लॅरिनेटचं विचारतोय.

मग त्यांनी नाव सांगितलं. गाव सांगितलं. वडील वाजवायचे, आजोबाही वाजवायचे, तेही सांगितलं. “कधी ७८ साली इथल्या एका लग्नात तुमचे वडील...” मी विचारलं. ते हसले. म्हणाले, सालभरात पन्नास-साठ लग्नं वाजतात. नवरदेवांची नावं कोण लक्षात ठेवणार?

फिटंफाट झाली. मी डायरी काढली आणि नाव लिहू लागलो. कशाला लिहिता म्हणाले. म्हटलं, छापायचा विचार आहे. त्यावर मास्तरांनी क्लॅरिनेटची जिभली ओली केली, पुढच्या गाण्यासाठी ढोलवाल्याला खूण केली आणि म्हणाले, “छापायचं तर चौदाही छापा. एकट्याचं नको. आणि ढोलवाल्याचं पहिलं छापा. तो नसला तर तुम्ही लोक नाचताच कशाला?”

म्हणून इथं त्यांचं नाव दिलेलं नाही. बाकी तेरा राहिली आहेत. तुळशीचं लग्न झालं की ती आणायला धुळ्याला जातो आहे.