सुखाचा हिशेब

सातारा-सांगलीकडे लेकीचे लग्न झाले की पाहुणे विचारतात, “पोरगी सुखात पडली न्हवं?” पोरगी आज हसतमुख आहे का, एवढेच त्यांना विचारायचे नसते. सासरची माणसे, रानाला पाणी, जावयाचा स्वभाव, सगळा संसार त्या एका शब्दात येतो. ॲरिस्टॉटलचा ‘युडायमोनिया’ समजायला मला या प्रश्नाइतका जवळचा रस्ता सापडलेला नाही. त्याच्याही लेखी सुख म्हणजे घटकाभराची खुशी नव्हे. उभ्या आयुष्याला लागू पडणारा शब्द. मात्र सुखात ‘पडणे’ त्याला पुरेसे वाटले नसते. सद्गुणाने जगणे हाच त्याच्या सुखाचा गाभा. बाह्य साधनांची गरज त्यानेही नाकारली नाही, हे विसरू नये.

आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषद तर आनंद चक्क मोजायला बसते. तरुण, धडधाकट, शिकलेला माणूस; त्याला धनाने भरलेली सगळी पृथ्वी द्या. हे झाले माप एक. मग शंभर पट, त्याच्या शंभर पट, असे करत थेट ब्रह्मानंदापर्यंत. गंमत अशी की, माणसाच्या वरच्या प्रत्येक पायरीवरचा आनंद निरिच्छ विद्वानालाही मिळतो, असे तिथेच सांगितले आहे. म्हणजे जिना बांधायचा आणि तो चढायची गरज नाही, हेही सांगायचे!

चार्वाक जिन्याच्या वाटेला जात नाही. तूस असते म्हणून भात टाकायचा का, काटे असतात म्हणून मासा सोडायचा का, हा त्याचा सवाल. पाटण-जावळीच्या भातकऱ्याला तो वेगळा पटवावा लागणार नाही.

हा वाद जुन्या पोथ्यांत संपला नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूत 1856 साली जन्मलेल्या आगरकरांनी ऐहिक सुखाची बाजू लावून धरली. ते 1895 मध्ये गेले. टिळकांच्या 1915 च्या ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवादावर स्वतंत्र प्रकरण आहे. आज टेंभू म्हटले की आटपाडी-खानापूरच्या शेतकऱ्याला उपसा सिंचन योजना आठवते, आगरकर नव्हे. त्याचे आगरकरांना वाईट वाटले नसते, असे मला वाटते.

सुखाचा हा सगळा वाद मांडणारे हे पुस्तक नवख्या वाचकाने क्रमानेच वाचावे असे नाही. आधी चार्वाकाचे प्रकरण काढा. त्याचे मूळ ग्रंथ हाती नाहीत. त्याचे म्हणणे बहुतेक विरोधकांच्याच तोंडून आपल्यापर्यंत आले आहे. साताऱ्याच्या आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ लिहून त्याचे वकीलपत्र घेतले, तेही जोडीला ठेवा. उपनिषदाचा जिना नंतर चढता येईल.