फिरत्या चाकावरचा दिवा : रेल्वे डब्यातील आसचालित वीजनिर्मितीचा ऐतिहासिक आढावा

विषयप्रवेश

भारतीय रेल्वेच्या इतिहासाचा अभ्यास करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने ब्रिटिश भांडवल, लोहमार्गांची उभारणी, घाटांतील बोगदे आणि इंजिनांची घडण या विषयांकडे गेले आहे. ते स्वाभाविकही आहे. मात्र रात्रीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाच्या डोक्यावर जळणाऱ्या दिव्याला वीज कोठून मिळते, हा साधा प्रश्न या इतिहासात क्वचितच विचारला गेला. इंजिन कोळशावर चालणारे, मार्गावर विजेची तार नाही, आणि तरीही डब्यात दिवा जळतो आणि पंखा फिरतो. ही वीज त्या डब्याच्या फिरत्या चाकांतून मिळत होती. डब्याखालच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो ती निर्माण करीत असे.

प्रस्तुत लेखात या आसचालित व्यवस्थेचा उगम, तिची रचना, भारतातील तिचा प्रसार आणि तिची उतरती कळा यांचा आढावा घ्यावयाचा आहे. तो घेताना असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ही व्यवस्था दीर्घकाळ टिकण्याचे कारण तिची कार्यक्षमता नव्हते. तिने प्रत्येक डब्याला स्वयंपूर्ण केले, हे तिच्या टिकण्याचे खरे कारण होते. याच स्वयंपूर्णतेत तिच्या मर्यादाही दडलेल्या होत्या, आणि त्या मर्यादांचा भार सर्व प्रवाशांवर सारखा पडला नाही.

तेल, वायू आणि वीज

आरंभीच्या काळात रेल्वेच्या डब्यांत तेलाचे दिवे असत. त्यानंतर बर्लिनच्या यूलिउस पिंच यांच्या नावाने ओळखली जाणारी तेलवायूची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. या पद्धतीत दाबाखाली भरलेल्या वायूच्या टाक्या डब्याखाली बसविल्या जात. प्रकाश पूर्वीपेक्षा चांगला मिळे, परंतु लाकडी डब्याखाली ज्वालाग्राही वायू साठविण्यातला धोका अपघाताच्या वेळी भीषण ठरत असे. ब्रिटनमध्ये १९१० चा हॉज जंक्शन येथील, १९१३ चा एस गिल येथील आणि मे १९१५ मधला क्विंटिन्सहिल येथील, असे तीन अपघात झाले. या तिन्ही ठिकाणी डब्यांना लागलेल्या आगीत वायूने भर घातली. क्विंटिन्सहिल येथे दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व त्यांत बहुसंख्य सैनिक होते. या घटनांमुळे विजेच्या दिव्यांची मागणी सोयीपुरती न राहता सुरक्षिततेचा विषय बनली.

विजेचे प्रयोग मात्र त्याआधीच सुरू झाले होते. ऑक्टोबर १८८१ मध्ये लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या एका पुलमन डब्यात विद्युत्दिवे लावण्यात आले. त्यांना वीज मिळत होती ती स्थानकावर भारित करून ठेवलेल्या विद्युत्घटांतून. प्रत्येक फेरीनंतर घट पुन्हा भारित करणे खर्चाचे व गैरसोयीचे होते. त्यामुळे लवकरच, म्हणजे १८८३ च्या सुमारास, याच रेल्वेचे अभियंते विल्यम स्ट्राउडली यांनी हूटन या सहकाऱ्यासह गार्डच्या डब्यात आसावरून पट्ट्याने चालणारा डायनॅमो बसविला. गाडी चालते तेव्हा चाके फिरतातच, मग त्या फिरण्यातूनच वीज का घेऊ नये, असा हा सरळ विचार होता. सायकलच्या चाकाला टेकणाऱ्या डायनॅमोवर दिवा पेटविणाऱ्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

चाकातून वीज घेण्यातील अडचणी

सायकलस्वारांना परिचित असलेल्या अडचणीही येथे होत्याच. पहिली अडचण वेगाची होती. डायनॅमोचा वेग वाढला की विजेचा दाब वाढतो आणि वेग कमी झाला की तो घटतो. ताशी वीस किलोमीटर वेगाला पुरेसा प्रकाश देणारा डायनॅमो ऐंशीच्या वेगाला दिव्यांच्या तारा जाळून टाकील. दुसरी अडचण दिशेची होती. गाडी उलट दिशेने जाऊ लागली की डायनॅमो उलटा फिरतो आणि धन व ऋण टोके आपसांत बदलतात. तिसरी अडचण थांब्याची होती. गाडी स्थानकात उभी राहिली की वीजनिर्मिती बंद पडते, आणि प्रवाशाला प्रकाशाची सर्वाधिक गरज नेमकी तेव्हाच असते.

या तिन्ही प्रश्नांवर व्यवहार्य तोडगा निघाला तो १८९० च्या दशकात. लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील जे. स्टोन आणि कंपनीने ए. बी. गिल यांच्या कल्पनेवर आधारलेली पद्धत प्रचारात आणली. तिचे मर्म डायनॅमो टांगण्याच्या रीतीत होते. डायनॅमो डब्याच्या सांगाड्याला पक्का न बसवता एका बाजूने झुलता टांगला जाई आणि त्याच्या वजनाने पट्टा ताणलेला राही. गाडीचा वेग वाढून डायनॅमोवरील भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्ट्याची ओढ डायनॅमोला आसाकडे खेची, ताण अपुरा पडे व पट्टा कप्पीवरून घसरू लागे. त्यामुळे चाके कितीही वेगाने फिरली तरी डायनॅमोचा वेग जवळजवळ स्थिर राही. यंत्रशास्त्रात पट्ट्याचे घसरणे हा एरवी दोष मानला जातो. येथे त्या दोषालाच नियंत्रकाचे काम देण्यात आले होते.

दुसऱ्या व तिसऱ्या अडचणीसाठी केंद्रोत्सारी बलावर चालणारा स्विच योजला होता. ठरावीक वेग आल्यावर तो डायनॅमोला विद्युत्घटांशी जोडी आणि वेग उतरल्यावर तोडी. फिरण्याची दिशा बदलली की टोकांची जोडणीही तो बदली. गाडी थांबलेली असताना दिव्यांना घटांतून वीज मिळे. माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय हे सारे डब्याच्या पोटाखाली घडत असे.

या सोयीची किंमतही होती. डायनॅमोच्या नियत वेगाला लागणाऱ्या गतीच्या दुप्पट गतीने गाडी धावू लागली, तर चाकांकडून घेतलेल्या शक्तीपैकी सुमारे निम्मी शक्ती पट्ट्याच्या घर्षणात उष्णतेच्या रूपाने वाया जाई. शिवाय चाकांची वीज फुकट आहे, ही समजूतही बरोबर नाही. डायनॅमो आसाला मागे ओढतो आणि ती ओढ इंजिनाला सोसावी लागते. साडेचार किलोवॉटची निर्मिती ताशी ७२ किलोमीटर वेगाने होत असेल, तर यंत्रातील तूट वगळूनही त्या डब्यामुळे इंजिनावर सुमारे २२५ न्यूटन, म्हणजे साधारण २३ किलोग्रॅम वजनाइतकी जादा ओढ पडते. हा खर्च दिवाबत्तीच्या खात्यात दिसत नसे. तो कोळशाच्या खात्यात मिसळून जाई.

स्वयंपूर्ण डबा आणि भारतीय रेल्वे

इतका अपव्यय असूनही हीच पद्धत का टिकली, या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्या संघटनेत शोधावे लागते. गार्डच्या डब्यात एकच मोठा डायनॅमो ठेवून सर्व गाडीला वीज पुरवायची, तर प्रत्येक डब्यातून एकसारखी तार जावी लागते आणि जंक्शनवर वेगळा केलेला डबा तत्काळ अंधारात जातो. अनेक कंपन्यांच्या मार्गांवरून जाणारे, वाटेत एका गाडीतून काढून दुसरीला जोडले जाणारे थेट डबे हे त्या काळच्या वाहतुकीचे नित्याचे अंग होते. स्वतःचा डायनॅमो व स्वतःचे घट असलेला डबा कोणत्याही इंजिनामागे, कोणत्याही कंपनीच्या मार्गावर चालू शकत असे. पुढचे इंजिन कोणाचे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

भारतात ही सोय विशेष मोलाची ठरली. अनेक कंपन्या, संस्थानी रेल्वे आणि लांब पल्ल्याचे मार्ग अशी येथील परिस्थिती होती. १९०२ मध्ये जोधपूर रेल्वेने डब्यांत विजेचे दिवे कायमस्वरूपी बसविले, अशी नोंद आढळते. पुढील दशकांत आसचालित पद्धत देशभर पसरली. तिच्याबरोबर रेल्वे कामगारांचा एक स्वतंत्र वर्गही उदयास आला. डब्याखाली वाकून पट्ट्याचा ताण पाहणे, घटांत ऊर्ध्वपातित पाणी भरणे, हायड्रोमीटरने आम्लाची घनता तपासणे ही त्यांची रोजची कामे होती. उडालेल्या खडीने वा रुळांवर आलेल्या जनावरांच्या धडकेने पट्टा तुटे, तर पट्टे व दिवे चोरीस जाणे ही प्रशासनाची जुनी तक्रार होती.

येथे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा एक मुद्दा आहे. आसचालित डायनॅमो वेगाशी बांधलेला असतो. दूर अंतरावर थांबणाऱ्या मेल गाडीचे घट वाटेत पुरेसे भारित होत. याउलट प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या, सायडिंगला मेल गाडीची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या पॅसेंजर गाडीचे घट रिकामे होत जात आणि रात्र सरत जाई तसतसा दिव्याचा प्रकाश पिवळा व मंद होई. भोर घाटासारख्या १ : ३७ च्या चढावर गाडी संथ चालली की तेथेही हीच अवस्था होण्याचा संभव असे. म्हणजेच एकच यंत्र जलद गाडीला उजेड आणि संथ गाडीला अंधार देत होते. अंधाऱ्या डब्यात चोरीची भीती आणि एकट्या स्त्री प्रवाशाची असुरक्षितता वाढते, हे वेगळे सांगावयास नको. हा अन्याय यंत्राने केला असे म्हणून मोकळे होता येणार नाही. डायनॅमो किती क्षमतेचा, घट किती मोठे आणि दिवे किती, हे निर्णय माणसांचे होते. पंख्यांची सोय आधी वरच्या वर्गांना मिळाली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत पंखे येण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला.

वातानुकूलन : वाढता भार

दिवे व पंखे यांपुरती ही व्यवस्था पुरेशी होती. वातानुकूलनाने तिची खरी परीक्षा घेतली. अमेरिकेत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने १९३० मध्ये वातानुकूलित भोजनयान आणि १९३१ मध्ये संपूर्ण वातानुकूलित गाडी चालविली. त्या दशकात तेथे बर्फ, वाफ व वीज अशा निरनिराळ्या साधनांनी डबे थंड करण्याच्या पद्धतींत स्पर्धा होती. काही रचनांत आसाची गती दातेरी चाके व दांडा यांच्या साहाय्याने थेट शीतकयंत्राच्या संपीडकापर्यंत नेली जाई. येथे फिरत्या चाकाकडून विजेऐवजी यांत्रिक कामच घेतले जात होते. गाडी उभी असताना मात्र विद्युत् मोटारीचा आधार लागे.

भारतात १९३६ मध्ये मुंबईतील माटुंगा कारखान्यात वातानुकूलित डबा तयार झाला, आणि १९५६ मध्ये हावडा-दिल्ली मार्गावर पहिली संपूर्ण वातानुकूलित गाडी सुरू झाली. पुढे आसावरील यंत्रही बदलले. कम्युटेटर व ब्रश असलेल्या डायनॅमोची जागा ब्रशविरहित अल्टरनेटरने घेतली. त्यातील प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिशीकरण होत असल्याने फिरण्याच्या दिशेचा प्रश्नच उरला नाही. दाबाचे नियमन विद्युत् उपकरणे करू लागल्यामुळे पट्ट्याच्या घसरण्यावर विसंबण्याची गरज संपली आणि सपाट पट्ट्याऐवजी व्ही आकाराचे पट्टे आले. साध्या डब्यासाठी ४.५ किलोवॉट, तर वातानुकूलित डब्यासाठी १८ व पुढे २५ किलोवॉट क्षमतेचे अल्टरनेटर ११० व्होल्टच्या व्यवस्थेत वापरले गेले. वातानुकूलित डब्याखालील घटमालेचे वजनच काही टनांवर गेले. एका दिव्यासाठी योजलेली कल्पना आता आपल्याच भाराखाली वाकू लागली होती.

तारेखालील विरोधाभास

विद्युतीकरणानंतर या व्यवस्थेतील विसंगती अधिक ठळक झाली. १९२९ मध्ये मुंबई-पुणे मार्ग विद्युतीकृत झाला. वर १,५०० व्होल्टची तार आणि खाली मात्र चाकावर वीज करणारे डबे, असे दृश्य या देशात दीर्घकाळ दिसत राहिले. तारेतील वीज इंजिनाच्या मोटारीत जाई, मोटार गाडी ओढी, गाडीबरोबर डब्यांची चाके फिरत, चाके पट्टा फिरवीत, आणि पट्ट्यावरील यंत्र पुन्हा वीज निर्माण करी. विजेपासून वीज मिळविण्यासाठी इतका लांबचा फेरा घ्यावा लागे, आणि प्रत्येक टप्प्यावर काही भाग गळून जाई. याचे कारण पुन्हा संघटनात्मकच होते. आज विद्युत् इंजिनामागे असलेला डबा उद्या वाफेच्या वा डिझेल इंजिनामागे जाणार होता.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे डब्याऐवजी संपूर्ण गाडी हे एकक मानणे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राजधानी एक्स्प्रेसमध्ये डिझेल जनित्रांच्या स्वतंत्र डब्यांतून साऱ्या गाडीला वीज देण्याची पद्धत आली. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या वातानुकूलित डब्यांना, तसेच अमेरिकेत ॲमट्रॅकच्या १९७५ पासूनच्या डब्यांना, इंजिनाकडूनच वीज मिळू लागली. भारतात २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंजिनाकडून ७५० व्होल्टचा पुरवठा घेणाऱ्या गाड्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि २०१८ मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने जुन्या घडणीचे डबे बांधणे थांबविले. वर्षानुवर्षे आसचालित अल्टरनेटर याच घडणीच्या डब्यांखाली मोठ्या संख्येने दिसत होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, एखादे तंत्र टिकते ते केवळ त्याच्या कार्यक्षमतेमुळे नव्हे. ज्या संस्थेत ते वापरले जाते तिच्या गरजांशी त्याचा मेळ बसावा लागतो. पट्ट्यावरचा डायनॅमो ऊर्जेच्या दृष्टीने उधळा होता, पण विखुरलेल्या, अनेक मालकांच्या रेल्वेला तोच सोयीचा होता. दुसरी, स्वयंपूर्णता आणि समानता या एकच गोष्टी नव्हेत. प्रत्येक डब्याने आपला उजेड आपण मिळवावा, ही योजना वरकरणी समान असली तरी वेगवान गाडीला जे सहज साधे ते संथ गाडीला साधत नसे. तिसरी, आता इंजिनाकडून वीज घेणारी गाडी कमी ऊर्जेत अधिक प्रकाश देते, मात्र इंजिन निकामी झाले की सारी गाडी एकाच वेळी संकटात येते. म्हणूनच नव्या डब्यांतही आणीबाणीच्या दिव्यांसाठी घटांचा आधार ठेवावा लागतो.

रेल्वेचा इतिहास पुलांवर आणि इंजिनांवर जसा कोरलेला आहे, तसाच तो डब्याखालच्या ग्रीसने माखलेल्या पट्ट्यावरही आहे. तो वाचण्यासाठी अभ्यासकाला, त्या अनाम कामगारांप्रमाणेच, थोडे वाकावे लागेल.