तिजोरीची किल्ली

वसंतातल्या या व्याख्यानांसाठी आपण जमतो, तेव्हा नवे सरकारी वर्ष नुकतेच सुरू झालेले असते. १ एप्रिल उजाडला म्हणून आपल्या घरात काही फरक पडत नाही. न्यायालये उघडतात, रस्त्यावर खडी पडते, सरहद्दीवरच्या जवानाला शिधा पोचतो. परंतु या प्रत्येक कामाचा पैसा सरकारी तिजोरीतून बाहेर पडण्यासाठी एका कायद्याची परवानगी लागते, आणि ती दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. हा तो विनियोजनाचा कायदा. अंदाजपत्रकाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे काय स्वस्त झाले नि काय महागले याची कोष्टके पानभर छापतात. विनियोजन विधेयक संमत होते त्या दिवशी मात्र बहुधा कोणाला त्याची दखलही नसते. आज आपण या उपेक्षित विधेयकाचीच हकीकत पाहणार आहोत. कारण आम्हांस असे वाटते की, लोकांचे राज्य म्हणजे काय याचे उत्तर निवडणुकीच्या सभांपेक्षा या रुक्ष कागदात अधिक स्पष्ट लिहिलेले आहे.

या हकीकतीचे मूळ इंग्लंडात आहे. राजाला लढाईसाठी पैसा हवा असला की तो पार्लमेंट बोलावी, आणि पार्लमेंट म्हणे, आधी आमची गाऱ्हाणी ऐका, मग पैशाचे बोलू. पहिल्या चार्ल्स राजाला ही कटकट नकोशी झाली. १६२९ पासून ११ वर्षे त्याने पार्लमेंटच भरवले नाही आणि जहाजपट्टीसारख्या वसुलीवर कारभार रेटला. जॉन हॅम्पडेन या गृहस्थाने ती पट्टी भरण्याचे नाकारले. पट्टीची रक्कम क्षुल्लक होती. प्रश्न ती कोणाच्या संमतीने बसवली हा होता. न्यायालयात हॅम्पडेन हरला, पण पुढच्या यादवीत राजाचे डोकेच गेले. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवणे बेकायदा ठरवले. पुढे त्याच न्यायाने दुसरे पाऊल पडले : कर द्यायचा तर तो कोणत्या कामावर खर्च होणार हेही पार्लमेंटच ठरवील. विनियोजन या शब्दाचा अर्थ एवढाच. अमुक रक्कम, अमुक कामासाठी, अमुक वर्षापुरती.

ही परंपरा इंग्रज आपल्याबरोबर जहाजातून हिंदुस्थानात घेऊन आला असेल असे कोणास वाटेल. तसे घडले नाही. हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक १८६० साली जेम्स विल्सन यांनी कलकत्त्यास मांडले. त्यानंतर तीस वर्षे अशी गेली की, नवा कर बसवायचा असेल तरच कायदेकौन्सिलात जमाखर्चाचा विषय निघे. एरवी तो सरकारी गॅझेटात छापून मोकळे होत. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. फक्त बोलण्याची! ठराव मांडता येत नसे, मत मागता येत नसे. मार्चअखेर एक दिवस भाषणे होत, अर्थसचिव उत्तर देत, व्हाइसरॉय समारोप करीत, आणि आधीच ठरलेला खर्च ठरल्याप्रमाणे होई.

अशा या कौन्सिलात २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणासाठी उभे राहिले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्याच हाताखाली गोखल्यांनी सरकारी अहवाल वाचण्याची शिस्त अंगी बाणवली होती. रानडे त्या आधीच्याच वर्षी निवर्तले होते. सरकारी शाळेत मुख्याध्यापकी केलेले गणेश व्यंकटेश जोशी आपल्या आकडेमोडीची शिदोरी गोखल्यांना पुरवीत असत. त्या दिवशी अर्थसचिवांच्या पदरी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती आणि कौन्सिलात त्यांचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी त्यात सूर मिळवण्याचे नम्रपणे नाकारले. त्यांचा मुद्दा सरळ होता. रुपयाचा हुंडणावळीचा भाव पडला म्हणून सरकारने कर वाढवले. आता तो भाव चढला, तूट उरली नाही, तरी चढवलेले कर तसेच आहेत. दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घ्यायचे आणि त्याला भरभराट म्हणायचे, हा कसला हिशेब? मिठावरचा कर उतरवा, प्राप्तिकराची किमान मर्यादा वाढवा, ही त्यांची मागणी होती.

त्या दिवशी मतदान झाले नाही, कारण ते होतच नसे. तरीही पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची माफी ५०० रुपयांवरून १००० रुपयांपर्यंत गेली. १९०७ पर्यंत मिठाचा कर एका रुपयावर उतरला. हे सारे एका माणसाच्या भाषणाने घडले असे आम्ही म्हणणार नाही. पण हाती मत नसतानाही केवळ अभ्यासाच्या बळावर सरकारला हिशेब द्यायला लावता येते, हा धडा त्या कौन्सिलाने पाहिला, एवढे निश्चित.

तथापि अभ्यासालाही मर्यादा असते. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेपर्यंत विनंतीच करावी लागते. १९०९ च्या सुधारणांनी अंदाजपत्रकावर ठराव मांडता येऊ लागले, पण ते शिफारशीपुरतेच. १९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती कायदेमंडळात प्रथमच खर्चाच्या मागण्या मतास टाकल्या जाऊ लागल्या. ऐकायला हे मोठे वाटते. प्रत्यक्षात सैन्याचा खर्च, कर्जाचे व्याज, बड्या अधिकाऱ्यांचे पगार ही सर्व कलमे मताच्या कक्षेबाहेर ठेवली होती. उरलेल्यांपैकी एखादी मागणी सभागृहाने नाकारलीच, तर गव्हर्नर जनरल ती आपल्या अधिकारात पुन्हा कायम करी. १९२३ साली मिठाचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव लोकप्रतिनिधींनी फेटाळला; लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या सहीने तो लागू केला. १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्षाने काही मागण्या नामंजूर केल्या आणि वित्तविधेयकही फेटाळले. तेही पुन्हा सहीनेच तगले. मत होते, पण मताला किंमत नव्हती.

म्हणूनच घटना समितीने हा विषय हाती घेतला तेव्हा त्या एका सहीचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. जुन्या पद्धतीत मागण्यांवर मते पडून गेली की खर्चाची यादी गव्हर्नर किंवा गव्हर्नर जनरल प्रमाणित करी, आणि पैसा निघे तो त्या प्रमाणपत्रावर. १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत समजावून सांगितले की, यापुढे प्रमाणपत्राची जागा विधिमंडळाने केलेला विनियोजनाचा कायदा घेईल. बदल दिसायला कारकुनी आहे. अर्थाने तो राज्यक्रांतीच आहे. राज्यघटनेचे ११४ वे कलम सांगते की, कायद्याने विनियोजन झाल्यावाचून देशाच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येणार नाही. मंत्र्याला नाही, पंतप्रधानाला नाही, राष्ट्रपतीलाही नाही.

आता या विधेयकाची वाटचाल पाहू. प्रथम वार्षिक वित्तीय विवरणपत्र, म्हणजे ज्याला आपण बजेट म्हणतो ते, संसदेपुढे येते. २०१७ पासून त्याचा दिवस १ फेब्रुवारी आहे. त्यावर दोन्ही सभागृहांत साधारण चर्चा होते. मग निरनिराळ्या खात्यांच्या मागण्या समित्यांकडे जातात. अशा समित्या १९९३ पासून आहेत. आज त्यांची संख्या २४ आहे. त्यांचे अहवाल आल्यावर लोकसभा एकेक मागणी चर्चेस घेते आणि मतास टाकते. मत देण्याचा हा अधिकार एकट्या लोकसभेचा. राष्ट्रपतींचे वेतन, न्यायाधीशांचे पगार, कर्जावरील व्याज असा काही खर्च 'भारित' असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. न्यायाधीशाचा पगार दर साली मतावर लटकत राहू नये, हा त्यातला हेतू.

मागणी मंजूर करणे, नाकारणे किंवा कमी करणे एवढेच सभागृहाच्या हाती आहे, वाढवणे नाही. मागणारे सरकार आणि देणारे सभागृह ही जुनी वाटणी येथेही टिकून आहे. कमी करण्यासाठी कपातसूचना मांडतात. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना येते; उधळपट्टी दाखवायची असेल तर ठरावीक रकमेची; आणि एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर अवघ्या शंभर रुपयांची. शंभर रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हॅम्पडेनने सतराव्या शतकातच देऊन ठेवले आहे. अशी सूचना मंजूर झाली तर सभागृहाचा विश्वास गेला असे मानले जाते.

सर्व मागण्या संमत झाल्या की, भारित खर्चासह त्यांचे एक विनियोजन विधेयक होते. त्यात रक्कम किंवा तिचे काम बदलणारी दुरुस्ती मांडता येत नाही. ते धनविधेयक असल्याने राज्यसभेने चौदा दिवसांत परत करायचे. तिने सुचवलेला बदल स्वीकारणे न स्वीकारणे लोकसभेच्या मर्जीवर. मग राष्ट्रपतींची संमती, आणि विधेयकाचा कायदा होतो. हे सारे वेळेवर उरकणार नसेल तर तोपर्यंतच्या खर्चापुरते लेखानुदान घेतात. राज्यांतही हीच रीत आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या आल्या असे आपण वाचतो, ते याच नियमाने : मंजूर रक्कम पुरली नाही तर सरकारला पुन्हा दारी यावे लागते. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात, लोकलेखा समिती खुलासे मागते, आणि मग ते वर्तुळ पुरे होते.

कागदावरची ही व्यवस्था कोणालाही हेवा वाटावी अशी आहे. परंतु तिच्यात एक फट आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. मागण्यांच्या चर्चेला ठरावीक दिवस असतात. अखेरच्या दिवशी नेमलेली वेळ झाली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेवाचून एकदम मतास टाकल्या जातात. संसदेच्या बोलीत यास गिलोटिन म्हणतात. फ्रान्समधल्या त्या पात्याचेच नाव. वेळ मर्यादित असल्याने काही मागण्यांवर हे पाते पडणे अपरिहार्य आहे. पण १४ मार्च २०१८ रोजी आणि पुन्हा २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेत गदारोळ चालू असता साऱ्याच मागण्या एकाही चर्चेवाचून संमत झाल्या. विधेयक झाले, राज्यसभेकडे गेले, कायदा झाला. नियम एकही मोडला नाही. दोष सत्ताधाऱ्यांचा की विरोधकांचा, या वादात आम्ही शिरत नाही. गोंधळ घालणारा आणि गोंधळाचा लाभ घेणारा या दोघांनीही त्या दिवशी आपल्या वतीने विचारायचे प्रश्न विचारले नाहीत, एवढेच आम्हांस दिसते.

आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. गोखल्यांपाशी अभ्यासाचे दात होते, पण मताचे चणे नव्हते. आज मत आपल्या पदरात आहे. ते चावण्याची तयारी आहे का, हा प्रश्न केवळ खासदारांना विचारून भागणार नाही. आपल्या तालुक्याच्या पाण्याची योजना कोणत्या मागणीत आहे, तिच्यावर किती मंजूर झाले आणि किती खर्ची पडले, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारले? हे आकडे आज गुप्त नाहीत. ते छापले जातात आणि विधिमंडळापुढे ठेवले जातात. पुण्यातल्या एका प्राध्यापकाने आणि एका मुख्याध्यापकाने परक्या सरकारचे अहवाल चाळून व्हाइसरॉयसमोर हिशेब मांडला. आपल्याला आपल्याच सरकारचा अहवाल उघडायचा आहे. तिजोरीची किल्ली आपल्या नावावर झाली आहे खरी. पण कुलूप न लावणाऱ्या घरधन्याला किल्लीचा उपयोग तो काय?