जुन्या कागदांतील रेघेची जाडी व लेखकाचा हात

जुना कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम मजकूर, मग मिती, शिक्का व कागदाचा पोत पाहतों. रेघेच्या जाडीकडे सहसा लक्ष जात नाहीं. बखरीच्या मध्यावर अक्षर एकाएकीं बारीक झालें, कीं येथून दुसरा लेखक, असें टिपून आपण मोकळे होतों. या अनुमानावर पुढें प्रतीचा काळ व अस्सलपणा ठरूं लागतो. म्हणून तें तपासून पाहणें अवश्य आहे.

बोरूचें टोंक सपाट छाटलेलें असतें. त्याची रेघ मुख्यतः दिशेनें जाड-बारीक होते. टोंकाची कड ओळीशीं ४५ अंशांत धरल्यास आडवी व उभी रेघ सारख्याच जाडीची उतरते. ३० अंशांत धरल्यास उभी रेघ आडवीच्या सुमारें पावणेदोनपट भरते. बोरू झिजला कीं सगळ्याच रेघा जाड होतात, पुन्हां तासला कीं सगळ्याच बारीक; परंतु धरण्याची संवय कायम असेल तर दोहोंतील प्रमाण बहुधा तेंच राहतें. तात्पर्य, केवळ जाडी बदलली तर बोरू तासला असेल. प्रमाणही बदललें तरच हात बदलल्याचा संशय घ्यावा. मोडींत शिरोरेघ ओळभर आधींच ओढीत असत. म्हणून तेथें तिच्यावर विसंबूं नये, अक्षरांतर्गत रेघाच मोजाव्या.

लोखंडी टाकाची गोष्ट निराळी. बर्मिंगहॅमच्या जोसेफ गिलट यानें टाकाचें पेटंट घेतलें तें १८३१ सालीं. त्याचें चिरलेलें टोंक दाबाबरोबर फांकतें व रेघ फुगते. सवाई माधवरावाच्या कारकीर्दीचें (१७७४-१७९५) म्हणून दाखविलेल्या पत्रांत एकाच दिशेची रेघ अशी जागोजाग फुगलेली आढळली, तर तें पत्र मागाहूनची नक्कल तर नव्हे, हें पाहिलें पाहिजे.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापला. अशा खंडांनीं मजकूर तारला; परंतु खिळ्यांच्या ठशांत सर्व लेखकांचा हात एकच होतो. आजचें निव्वळ काळें-पांढरें स्कॅनही तोच दोष करतें. इंचास ३०० ठिपके घेतल्यास पाव मिलिमीटरची रेघ अवघ्या तीन ठिपक्यांत बसते. त्यांतील एक गळला कीं जाडीचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून संग्राहकांनीं प्रतिमा रंगीत, निदान ६०० ठिपक्यांची, शेजारीं मोजपट्टी ठेवून घ्यावी. मूळ कागद वाळवीच्या तोंडीं गेल्यावर हा पुरावा पुन्हां मिळणार नाहीं.