टोपली, टोपी आणि 'चिस्तेरा'

स्पॅनिश शिकायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका उताऱ्याचा अनुवाद करत होते. खेळाडूने हाताला 'चिस्तेरा' बांधली, असं त्यात वाक्य होतं. माझ्या छोट्या कोशात एकच अर्थ दिला होता: उंच, नळकांड्यासारखी हॅट. मी बेधडक लिहिलं, खेळाडूने हॅट हाताला बांधली. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको!

नंतर स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला. चिस्तेराचे तिथे तीन अर्थ आहेत. मासे ठेवायची, तोंडाशी अरुंद आणि बुडाला रुंद असलेली टोपली. बास्क पेलोटा या खेळातलं हाताला बांधायचं वेताचं वाकडं साधन. आणि बोलीभाषेत, ती हॅट. टोपलीवरूनच हॅटला हे नाव पडलं असणार. आपल्याकडे 'टोप' म्हणजे पातेलंही आणि शिरस्त्राणही, त्यामुळे मला तरी यात नवल वाटलं नाही.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. टोपलीला लॅटिनमध्ये 'सिस्ता' म्हणतात. त्यावरून स्पॅनिशमध्ये थेट 'सेस्ता' आला. याच 'सिस्ता'चं लहानपण दाखवणारं रूप 'सिस्तेल्ला' मात्र आधी बास्क लोकांकडे गेलं, तिथे 'चिस्तेरा' झालं आणि मग स्पॅनिशमध्ये शिरलं. म्हणजे दोघी एकाच घरातल्या, पण धाकटी आजोळी वाढून परत आली. आज याच खेळातल्या साधनाला दोन्ही नावं चालतात, आणि खेळाच्या एका प्रकाराचं नावच 'सेस्ता पुंता' आहे.

हे साधन आलं कुठून? १८५० च्या दशकात, फ्रान्सच्या बाजूच्या सेनपेर या बास्क गावात, दिथुर्बिद नावाच्या एका पोराने घरातली टोपली घेऊन चेंडू भिंतीवर फेकून पाहिला, असं सांगतात. सांगोवांगीची गोष्ट खरी, पण पटण्यासारखी आहे. पुढे टोपली लांब आणि खोल होत गेली. चेस्टनटच्या लाकडाची चौकट, तिच्यावर लवचीक काड्यांची वीण, आणि आत शेळीच्या कातड्याने मढवलेला टणक चेंडू. तो झेलायचा आणि त्याच झोकात परत भिरकावायचा. १९७९ साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टमध्ये एका फेकीचा वेग ताशी ३०२ किलोमीटर मोजला गेला. फळं ठेवायच्या वस्तूची ही मजल! डोक्याला हेल्मेट आलं ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस.

या खेळाला 'हाय आलाय', म्हणजे 'आनंदाचा सण', हे बास्क नाव १८७५ च्या सुमारास सेराफिन बारोखा या लेखकाने दिलं. पुढे फ्रँकोच्या काळात शाळेत बास्क बोलण्यावर आणि मुलांना बास्क नावं ठेवण्यावर बंदी आली. मला हे टोचत राहतं: पोराचं नाव बास्क ठेवायला परवानगी नव्हती, आणि त्याच्या हातातल्या टोपलीचं बास्क नाव मात्र माद्रिदच्या कोशात निवांत बसलेलं होतं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. 'हॅट'वर बाईंची लाल रेघ आहे आणि शेजारी मी नंतर पेन्सिलीने लिहिलेलं 'टोपली'.