उदगीरनंतरचे सहा आठवडे

उदगीर हें नांव उच्चारतांच मराठी मनास एका निर्भेळ विजयाची आठवण होते. बहामनी अमदानीपासून प्रसिद्ध असलेला आणि १६३६ सालीं मोगलांनीं हस्तगत केलेला येथील किल्ला आज लातूर जिल्ह्यांत उभा आहे. परंतु या गांवाची इतिहासांतील कीर्ति किल्ल्यापेक्षां ३ फेब्रुवारी १७६० या दिवसामुळें अधिक आहे. त्या दिवशीं सदाशिवरावभाऊंच्या फौजेनें सलाबतजंग व निजामअली या बंधूंच्या सैन्याचा मोड केला. मागाहून झालेल्या तहानें दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर व विजापूर हीं स्थळें आणि वार्षिक सुमारें साठ लाखांचा मुलूख पेशव्यांच्या पदरीं पडला. अहमदनगरचा किल्ला तर तत्पूर्वींच, नोव्हेंबर १७५९ मध्यें, किल्लेदारास द्रव्य देऊन घेतलेला होता. असा विजय मिळविणाऱ्या सैन्याच्या गाभ्याचा पुढें एका वर्षाच्या आंत पानिपतावर चुराडा झाला. या दुर्दैवाचा विचार बहुधा पानिपताकडून मागें पाहत केला जातो. तो उदगिराकडून पुढें पाहत केला, तर निराळाच प्रश्न समोर येतो: जी फौज उत्तरेस गेली, ती तेथील कामासाठीं निवडली होती काय?

फुटबॉलच्या खेळांत मुरलेले लोक एखाद्या संघाची किंमत केवळ सामन्याच्या दिवशीं ठरवीत नाहींत. एक हंगाम संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या महिन्यांत कोण थकला, त्याची जागा कोण घेणार, बचाव भक्कम असून आघाडी लंगडी आहे काय, मुख्य अकरांच्या मागें बसलेले राखीव गडी कितपत तयारीचे आहेत, हें पाहूनच ते पुढील वर्षाचें भाकीत करतात. मराठी फौजेला असे महिने ऋतुचक्रानेंच दिलेले होते. दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचें आणि मृग लागण्यापूर्वीं छावणीस परतावयाचें, हा तिचा परिपाठ. त्या पावसाळी छावणींत थकलेलीं घोडीं पोसलीं जात, पागेची गणती होई, शिलेदार घरीं जाऊन पेरणी उरकीत, सावकारांशीं घासाघीस चाले आणि पुढल्या स्वारीसाठीं नवीं पथकें ठेवलीं जात. लढाई शरदांत किंवा हेमंतांत होई. तिची तयारी मात्र आषाढ-श्रावणांत होत असे.

उदगीरची फौज अशाच तयारीनें उभी राहिलेली होती, आणि ती निजामासाठीं उभी राहिलेली होती. निजामाचें सैन्य तोफखान्याच्या आश्रयानें, चालत्या किल्ल्याप्रमाणें, सावकाश सरकणारें. उदगिराहून धारूरकडे जाऊन तेथील आपल्या दुसऱ्या फौजेस मिळावें हा त्याचा बेत. मराठ्यांच्या स्वारांनीं त्यास कित्येक दिवस वेढून चारादाणा तोडला आणि औशाच्या बाजूस तें पुरतें कोंडलें गेल्यावर मोठा हल्ला चढविला. या वेळीं स्वारांच्या जोडीस एक नवें अंग होतें. फ्रेंच सेनानी बुसी याच्या कवाइतींत तयार झालेला इब्राहीमखान गारदी आतां पेशव्यांच्या चाकरींत होता. त्याच्या पलटणी व तोफा ज्या निजामशाहीच्या पैशावर वाढल्या, तिच्यावरच उदगिरास आग ओकत होत्या. स्वारांनीं घेरावें आणि तोफांनीं फोडावें, ही जोडी तेथें उत्तम जुळली. पण ती जुळली ती स्वतःच्या अंगणांत. अहमदनगर पाठीशीं, वाटा ओळखीच्या, गांवचे पाटील ओळखीचे, रसद चार मजलांवर. शत्रूहि ठाऊक असलेला. त्याच्याशीं तीन पिढ्या लढाई व तह आलटून पालटून चाललेले.

या विजयाचा गुलाल उतरतो न उतरतो तोंच, फेब्रुवारीच्या मध्यास, उत्तरेची भयंकर वार्ता आली. १० जानेवारीस बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे अब्दालीच्या सैन्याशीं लढतां लढतां पडले होते. पेशवे नानासाहेब, भाऊ व रघुनाथराव यांची मसलत आजच्या जालना जिल्ह्यांतील परतूर येथें झाली. उत्तरेची वाट व तेथील माणसें रघुनाथरावांच्या पायाखालचीं. परंतु मागच्या स्वारींतून ते सुमारें ऐंशी लाखांचें कर्ज घेऊन परतले, असें सांगतात, आणि तो हिशेब भाऊंच्या डोळ्यांत सलत होता. अखेर सेनापतित्व भाऊंकडे आलें. त्यांचें वय एकोणतीस. हिशेबांत चोख, शिस्तींत कडक, उदगिरास यशस्वी. उत्तरेच्या मोहिमेचा अनुभव मात्र मुळींच नाहीं. बरोबर अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचे विश्वासराव, बळवंतराव मेहेंदळे, समशेरबहादूर, विठ्ठल शिवदेव विंचूरकर, दमाजी गायकवाड, यशवंतराव पवार आणि इब्राहीमखानाचे आठ-दहा हजार गारदी. मार्चच्या मध्यास ही फौज निघाली. उदगीरच्या लढाईपासून तोंपर्यंत जेमतेम सहा आठवडे लोटले होते.

या यादींत शौर्याची उणीव कोठेंच दिसत नाहीं. उणीव होती ती निराळी. अंतर्वेदीच्या नद्या, तेथील जमीनदार, रोहिल्यांचे डावपेंच आणि अवधच्या नबाबाचें मन जाणणारा कोणी वजनदार पुरुष दक्षिणेंतून निघालेल्या मंडळींत नव्हता. तें ज्ञान वाटेंत मिळणाऱ्यांकडे होतें. पण त्यांपैकीं दत्ताजी गेलेले, जनकोजी शिंदे कोवळ्या वयाचे, आणि मल्हारराव होळकर वृद्ध व नुकतेच, ४ मार्चला, सिकंदराबादेस मार खाल्लेले. शिवाय मल्हाररावांची विद्या गनिमी काव्याची आणि इब्राहीमखानाची विद्या उभ्या फळीची. उदगिरास एका हाताखालीं नांदलेलीं हीं दोन तंत्रें उत्तरेंत दोन पक्ष होऊन बसलीं. दुसरी उणीव पैशाची. साठ लाखांचा मुलूख तहाच्या कागदावर आला म्हणून त्याचा वसूल त्याच चैत्रांत उंटावर लादतां येत नाहीं. ऑगस्टमध्यें दिल्ली हातीं आल्यावर दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत उतरवून सुमारें नऊ लाख रुपये पाडावे लागले, यावरून खजिन्याची स्थिति कळते.

आणि छावणी? ती या फौजेला लाभलीच नाहीं. ज्या महिन्यांत घोड्यांनीं थानावर उभें राहावयाचें, त्या महिन्यांत तीं नर्मदा, चंबळ व फुगलेल्या ओढ्यानाल्यांतून चाललीं होतीं. जुलैंत आग्र्याजवळ पोंचावें तों यमुनेला पूर. अब्दाली पलीकडे अनुपशहराच्या बाजूस आरामांत छावणी करून होता. त्याच जुलैंत अवधचा शुजाउद्दौला त्यास जाऊन मिळाला. भाऊंबरोबर बायकामुलें, यात्रेकरू व बुणगे यांचा मोठा जमाव होता. तो भार आणि अवजड सामान मागें ठेवून हलक्या स्वारांनीं लढावें, असा सल्ला सूरजमल जाटानें दिल्याचें प्रसिद्ध आहे. सल्ला मानला गेला नाहीं आणि जाट परत गेला. या प्रसंगीं भाऊंच्या हट्टास दोष देण्याची रीत आहे. परंतु ज्या तोफांनीं सहा महिन्यांपूर्वीं निजामास नमविलें, त्या मागें टाकण्यास कोणता विजयी सेनापति सहज राजी झाला असता?

पानिपताचें सगळें खापर गारद्यांवर फोडणेंहि न्यायाचें नाहीं. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं रोहिल्यांची फळी खरोखर कोणीं कापली असेल तर ती इब्राहीमखानाच्या पलटणींनीं. विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार उतावीळपणानें पुढें धांवले आणि गारद्यांच्या तोफाबंदुकांच्या माऱ्याआड आले. घेरणारे आणि फोडणारे यांची उदगीरची जोडी तेथें तुटली. मधल्या फळींत तर भाऊंच्या हल्ल्यापुढें अब्दालीच्या वजिराची, शहावलीखानाची, माणसें पळूं लागलीं होतीं. दोनप्रहरीं अब्दालीनें पळणाऱ्यांना दंडुक्यानें परतविलें आणि हातचें राखून ठेवलेलें ताजें सैन्य पुढें घातलें. तिकडे विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊंपाशीं त्या घटकेस पुढें घालण्यास कांहींच उरलें नव्हतें. कित्येक दिवसांचे उपाशी लोक आणि दाण्याविना खंगलेलीं घोडीं सकाळींच सर्वच्या सर्व कामास लागलेलीं होतीं. मेहेंदळे व रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले हे डिसेंबरांतच पडलेले. त्यांच्या जागा रिकाम्याच राहिल्या.

राखीव दळ नव्हतेंच असें मात्र नव्हे. तें होतें, फक्त शेंकडों कोस दूर होतें. नागपूरकर भोसल्यांची फौज पानिपतावर नव्हती. रघुनाथराव दक्षिणेंत. स्वतः नानासाहेब कुमकेस निघाले खरे. पण २७ डिसेंबर १७६० रोजीं ते पैठण येथें द्वितीय विवाहांत होते, आणि पराभवाची बातमी नेणारें सावकारी पत्र त्यांच्या हातीं पडलें तें २४ जानेवारीस भेलशाजवळ. त्या वेळीं लढाई होऊन दहा दिवस झाले होते. दक्षिण मोकळी टाकून सर्वांनीं जावें, हेंहि शक्य नव्हतें. उदगिरास निजाम हरला होता, संपला नव्हता. त्याच्यासाठीं फौज मागें ठेवणें भाग होतें. तो विजय जितका अपुरा, तितकी उत्तरेची फौज तोकडी, हा हिशेब परतूरच्या मसलतींत कोणीं मांडला असेल तर तो पुढें आलेला दिसत नाहीं.

२३ जून १७६१ रोजीं नानासाहेब पुण्यास वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस निजामअली गोदावरीकांठचीं टोकें येथील देवालयें जाळून पुण्याच्या रोखानें निघाला आणि उरुळीपर्यंत येऊन थडकला. तेथें त्यास अडविण्यास रघुनाथराव व सोळा वर्षांचे माधवराव उभे होते. उदगिरास ज्यांनीं त्यास कोंडलें, ते भाऊ आणि इब्राहीमखान आतां नव्हते.