पुरेसे अन्न म्हणजे किती? : पोषणविचारातील पुण्याचा वाटा

माणसास निरोगी राहण्यासाठी किती अन्न लागते, हा प्रश्न वरकरणी केवळ शरीरशास्त्राचा आहे. परंतु त्याचे उत्तर एकदा आकड्यात बांधले की देशात उपाशी कोणास म्हणावयाचे, हेही त्याच आकड्याने ठरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचा जो ऊहापोह झाला, त्यातील बराच भाग पुणे शहरात घडला. त्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आहारातून शरीरास मुख्यतः तीन गोष्टी मिळाव्या लागतात : श्रमासाठी व शरीराचे व्यापार चालण्यासाठी ऊर्जा, झीज भरून येण्यासाठी व वाढीसाठी प्रथिने, आणि या सर्व व्यापारांच्या नियमनासाठी जीवनसत्त्वे व खनिजे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४, तर स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. एवढ्यावर मतभेद नाही. मतभेद आहे तो यांपैकी कोणती उणीव मूळची, याविषयी.

१९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने प्रथिनांच्या जागतिक तुटवड्याचा इशारा दिला होता. त्यास विरोध करणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे प्रमुख होत. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले हे संख्याशास्त्रज्ञ अन्न व शेती संघटनेचा सांख्यिकी विभाग दीर्घकाळ सांभाळत होते. त्यांचे प्रतिपादन असे की, भाकरी-डाळीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिने बहुधा पुरेशी मिळतात. कारण धान्यातील प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते. उलट पोट अर्धेच भरले, तर खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. म्हणजे खरी उणीव अन्नाची. १९७३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने प्रथिनांच्या गरजेचा अंदाज खाली आणला व ‘प्रथिनसंकटा’ची कल्पना मागे पडली.

दरम्यान १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दरडोई रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही त्यांनी किमान मर्यादा मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये व शहरांत २२.५० रुपये होती. या मापाने खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात ठरले.

निवृत्तीनंतर पुण्यात येऊन महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत संशोधन करणाऱ्या सुखात्मे यांनी याच मर्यादेवर आक्षेप घेतला. निरोगी माणसाचे सेवन काळानुसार कमीजास्त होते व शरीर काही मर्यादेपर्यंत ऊर्जेचा काटकसरीने वापर करते. तेव्हा सरासरी गरजेखाली असलेल्या प्रत्येकास कुपोषित म्हणणे सयुक्तिक नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वच्छ पाणी व आरोग्यरक्षण यांवर त्यांचा भर होता, कारण वारंवार आजारी पडणाऱ्या शरीरास खाल्लेले अन्न लागत नाही. दांडेकरांसह अनेकांनी या उपपत्तीस विरोध केला. सेवनातील चढउतार नैसर्गिक असता तर तो सर्व वर्गांत सारखाच आढळला असता; कमी खाणारे मात्र नेमके गरीबच का असावेत, हा टीकाकारांचा प्रश्न मार्मिक होता. अल्प अन्नावर तग धरलेल्या देहास निरोगी ठरविल्यास त्याची उपासमार हिशेबातूनच नाहीशी होते, ही भीती त्यामागे होती.

या वादास पुढे पुण्याच्या परिसरातूनच निराळे वळण मिळाले. १९९३ साली के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहकाऱ्यांसह पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत माता व अर्भके यांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३.५ किलो भरले. तथापि पुण्याच्या अर्भकांत स्नायू कमी असले तरी त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. डॉ. शोभा राव यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत मातेच्या आहारातील एकूण उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा अर्भकाच्या आकारमानाशी संबंध दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाण्याशी मात्र तो दिसला. हे संशोधन ज्या आघारकर संशोधन संस्थेतून झाले, ती विज्ञानवर्धिनीचीच संस्था होय, हेही लक्षणीय आहे.

यावरून उष्मांक गौण ठरतात असे नाही. रिकाम्या पोटी पालेभाजीचा उपदेश व्यर्थ आहे. परंतु धान्याचा हिशेब पुरा झाला म्हणजे पोषणाचा हिशेब पुरा झाला, असेही मानता येत नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी आणि वाटीभर दूध हे साधे ताट आकड्यांच्या कोणत्याही एका रेषेत मावत नाही. आणि रेषा कोठे ओढावी हे ठरविताना, तिच्याखाली राहणाऱ्या माणसाचा विचार शास्त्रास टाळता येत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.